पोथी आणि समास

दिवाळी अंकात इतिहासावर लेख म्हटला की पानिपत, रायगड, नाही तर पेशवे दफ्तर, अशी आपली ठरलेली समजूत आहे. आणि ती वाईट आहे असे मी म्हणणार नाही. मी स्वतः तसे दोन-तीन लेख लिहिले आहेत. पण ह्या खेपेस ज्या भाषेची हकीकत सांगावयास बसलो आहे, तिचे वय जेमतेम तीस वर्षांच्या पुढचे. ती कोणी बोलत नाही. तिच्यात ओवी नाही, शिवी नाही, लाडाचे नाव नाही. तरीही फराळाच्या ताटाशी बसलेल्या वाचकांपैकी ज्याने म्हणून आज सकाळपासून फोनवर काही उघडून पाहिले असेल, त्याचे काम ह्या भाषेने एकदा तरी केलेच असेल. तिचे नाव पीएचपी.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, व्यवसाय शाळामास्तराचा आणि छंद कादंबऱ्या लिहिण्याचा. तेव्हा ह्या विषयाशी माझी गाठ कशी पडली, हे आधी सांगितले पाहिजे.

आमच्या शाळेत मुलांचे हस्तलिखित निघते. गेल्या वर्षी ते शाळेच्या संकेतस्थळावर चढवले. लेखांची नावे एकाखाली एक दिसावीत आणि लांब नाव असेल तर ते मध्येच तोडून पुढे तीन टिंबे यावीत, अशी योजना होती. इंग्रजी नावे नीट तुटली. मराठी नावे मात्र अशी तुटली की शेवटच्या अक्षराच्या जागी काळा चौकोन आणि त्यात प्रश्नचिन्ह! ‘माझ्या आजीची गोधडी’ लिहिणारी सातवीतली मुलगी रडवेली होऊन माझ्याकडे आली. “सर, मी असं लिहिलं नव्हतं हो.” तिला काय सांगणार? सुट्टीत गावी आलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याला गाठले. त्याने संगणकावर एक पान उघडले, ते वरपासून खालपर्यंत सरकवले, तळाशी कोणा परक्या माणसाने लिहिलेले चार ओळींचे टिपण वाचले आणि आमच्या कार्यक्रमातील एका शब्दाच्या आधी ‘एमबी’ अशी दोन अक्षरे व एक रेघ जोडली. गोधडी सुखरूप झाली.

मुलगी आनंदात गेली. मी मात्र त्या पानाशीच अडकलो. हा टिपण लिहिणारा कोण? त्याला कोणी सांगितले होते? आणि त्याने ते का लिहिले? ह्या तीन प्रश्नांच्या मागे लागून गेले वर्षभर जे वाचले, ते पुढे देत आहे.

प्रथम ही भाषा काय करते ते सांगतो. संकेतस्थळाचे पान दोन तऱ्हांनी तुमच्यापर्यंत येऊ शकते. एक म्हणजे दुकानातल्या बांधलेल्या पुड्यासारखे; जे कालच्या गिऱ्हाइकाला मिळाले तेच आज तुम्हाला. दुसरे म्हणजे खाणावळीतील ताटासारखे. तुम्ही बसलात, मागितलेत, की आत स्वयंपाकघरात ते तुमच्यासाठी वाढले जाते. रेल्वेची जागा, बँकेचा शिल्लक आकडा, वर्तमानपत्राखालचा वाचकांचा पत्रव्यवहार, ही सारी दुसऱ्या तऱ्हेची ताटे. स्वयंपाकघर म्हणजे दूर कोठे तरी चालू असलेला संगणक, ज्याला सर्व्हर म्हणतात. आणि आचाऱ्याला ज्या भाषेत सूचना लिहून द्यावयाच्या, ती पीएचपी. तिची खुबी अशी की सूचना स्वतंत्र कागदावर लिहावी लागत नाही. नेहमीच्या पानाच्या मजकुरातच मध्ये खूण करून ‘येथे आजची तारीख घाल’, ‘येथे पाहुण्याचे नाव घाल’ असे लिहिता येते. लग्नपत्रिकेत ‘श्री. रा. रा.’पुढे मोकळी रेघ असते ना, तशातलाच प्रकार. म्हणूनच ज्याला यंत्रविद्या येत नव्हती, असा माणूसही तिच्या वाटेला जाऊ शकला.

ती निर्माण करणारा रासमुस लेर्डॉर्फ. ह्याचा जन्म १९६८ साली ग्रीनलंडमधील डिस्को नावाच्या बेटावर झाला. पुढे कुटुंब डेन्मार्कला आणि तेथून कॅनडात गेले. तेथील वॉटरलू विद्यापीठातून तो १९९३ मध्ये अभियंता झाला. १९९४ मध्ये त्याने आपल्या शिक्षणाची आणि अनुभवाची माहिती देणारे एक पान इंटरनेटवर ठेवले होते. नोकरीच्या अर्जाला आपण जोडतो तसलेच ते. ते कोण वाचतो हे कळावे म्हणून त्याने सी नावाच्या जुन्या, कसदार भाषेत काही छोटी साधने लिहिली. उपवर मुलीच्या बापाने पत्रिका कोणकोणत्या घरी फिरली ह्याची वही ठेवावी, त्यातलाच हा प्रकार! साधनांना नावही घरगुतीच होते: ‘पर्सनल होम पेज टूल्स’. त्याच्या आद्याक्षरांतून पीएचपी आले.

आपण भाषा निर्माण करावी असा आपला हेतूच नव्हता, हे लेर्डॉर्फने पुढे अनेकदा कबूल केले आहे. लोक मागत गेले, तो एकेक शब्द वाढवीत गेला. ८ जून १९९५ रोजी त्याने ही साधने जाहीर केली आणि नुसती वापरावयास दिली असे नव्हे, तर त्यांची मूळ संहिताच सर्वांपुढे ठेवली. कोणीही घ्यावी, पाहावी, चूक आढळली तर सुधारून परत पाठवावी. मुक्त स्रोत म्हणतात तो हाच मार्ग. आपल्याकडे एखादी सुगरण चकली देते पण भाजणीचे प्रमाण देत नाही. येथे प्रमाणासकट सगळे देऊन टाकले होते.

अशा घाईच्या बाळपणाच्या खुणा अंगावर राहतातच. त्यांपैकी एकीची हकीकत स्वतः लेर्डॉर्फनेच २०१३ मध्ये सांगितली. अगदी आरंभी भाषेत शंभराहून कमी शब्द होते. यंत्राला शब्द चटकन सापडावेत म्हणून ते निरनिराळ्या खणांत ठेवावे लागतात. आणि खण ठरविण्याची त्याची युक्ती म्हणजे शब्दाची लांबी! पाच अक्षरांचे शब्द एका खणात, सहांचे दुसऱ्यात. एकाच खणात गर्दी होऊ नये म्हणून त्याने काही शब्दांची नावे मुद्दाम लांब, काही आखूड ठेवली. मुलांची नावे हजेरीपटाच्या रकान्याकडे पाहून ठेवण्यासारखे हे झाले. खण केव्हाच गेले. नावे राहिली, आणि कोट्यवधी लोक ती अजून टंकलिखित करीत आहेत.

१९९७ साली ह्या कथेत दोन इस्रायली तरुण येतात. हैफा येथील तेक्निऑन ह्या शिक्षणसंस्थेतील अँडी गुटमन्स आणि झीव सुरास्की. आपल्या अभ्यासातील एका कामासाठी त्यांनी लेर्डॉर्फची साधने वापरली, ती अपुरी पडली, आणि त्यांनी भाषेचे काळीजच नव्याने लिहावयास घेतले. आता येथे भांडण जुंपावयास काही हरकत नव्हती. मी कादंबरीकार असल्यामुळे ते व्हावे अशी माझी अपेक्षाही होती! पण झाले उलटेच. तिघांनी बोलणी केली. लेर्डॉर्फने आपल्या आवृत्तीचे काम जवळजवळ थांबविले आणि ह्या दोघांनी रचलेलीच पुढची अधिकृत आवृत्ती म्हणून मान्य केली. सुमारे नऊ महिने ती लोकांकडून पारखून घेऊन जून १९९८ मध्ये तिसरी आवृत्ती बाहेर पडली. नावाचा अर्थही बदलला. ‘माझे पान’ जाऊन ‘पीएचपी : हायपरटेक्स्ट प्रीप्रोसेसर’ आले, म्हणजे ज्यातील पहिले अक्षर उलगडावे तर पुन्हा तेच नाव. आपले पोर दुसऱ्याच्या हाती सोपविण्याचा हा प्रसंग मला ह्या सगळ्या इतिहासात फार मोठा वाटतो. वाङ्मयीन मासिकांच्या संपादक मंडळांत असे घडल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

त्या दोघांनी एक गंमतही करून ठेवली. भाषेत एकापुढे एक अशी दोन अपूर्णविरामांची एक खूण आहे. तिला त्यांनी आपल्या मातृभाषेत, हिब्रूत, नाव दिले: ‘पामायिम नेकुदोतायिम’. पुढे कित्येक वर्षे जगभरच्या माणसांनी ही खूण चुकीच्या जागी टाकली की यंत्र त्यांना ह्या नावाने दटावी, आणि बिचाऱ्यांना आपण कोणता शिलालेख उकरून काढला ते कळत नसे. भाषेच्या माहितीपुस्तकात मग खुलासा घालावा लागला की बाबांनो, ह्याचा अर्थ खरोखरच दुहेरी अपूर्णविराम असा आहे, फक्त हिब्रूत. त्याच १९९८ साली व्हँसाँ पोंतिए ह्या फ्रेंच चित्रकाराने कागदावर पीएचपी ही रोमन अक्षरे लिहिली आणि बाजूने पाहता त्याला त्यांत हत्ती दिसला. तेव्हापासून निळा हत्ती हे ह्या भाषेचे चिन्ह आहे. लेखनकार्याच्या आरंभी गजमुख असावे, हे आपल्या वाचकांना निराळे सांगावयास नको.

आता त्या पानाकडे येतो.

ह्या भाषेतील प्रत्येक शब्द म्हणजे एक काम, आणि त्या प्रत्येक शब्दाला माहितीपुस्तकात एक स्वतंत्र पान. ह्या पुस्तकाला मी पोथी म्हणतो. पानाच्या माथ्यावर शब्द. तो कोणत्या आवृत्तीपासून आहे ते. काय करतो ते एका ओळीत. त्याला काय द्यावे लागते. तो काय परत देतो. कोणत्या आवृत्तीत त्याची चाल बदलली. मग एक छोटे उदाहरण आणि ते चालविले असता दिसणारे उत्तर. शेवटी ‘हेही पाहा’. सर्व पानांची ठेवण एकच, त्यामुळे एक वाचता आले की हजार वाचता येतात. संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे नुसता तो शब्द लिहिला की थेट ते पान उघडते. आणि त्या सगळ्याच्या खाली समास! तेथे वाचकांनी आपापली टिपणे लिहावयाची. प्रत्येकाखाली लिहिणाऱ्याने सांगितलेले नाव आणि किती वर्षांपूर्वी लिहिले त्याची नोंद. ‘वरील उदाहरण रिकाम्या यादीवर चालत नाही, मी दोन तास घालविले, तुम्ही घालवू नका,’ ह्या थाटाची ती टिपणे असतात. भाषा सुंदर नसते. व्याकरण तर कित्येकदा नसतेच. पण त्यांत समोरच्याबद्दल कळकळ असते.

समासात सगळेच शहाणे लिहितात असे नाही. चुकीची टिपणे येतात, जुनी होतात, कोणी भलतेच लिहितो. पोथी सांभाळणारी एक स्वयंसेवकांची मंडळी १९९७ पासून आहे. ती टिपणे चाळते, निकामी काढून टाकते आणि खरोखर मोलाची असतील ती मूळ मजकुरात घेते. जुन्या हस्तलिखितांत वाचकाने समासात लिहिलेली ओवी पुढचा नकलनवीस नकळत संहितेत घेई, आणि मग क्षेपक कोणते, मूळ कोणते ह्याचा घोळ होई. एकनाथांना शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध करावयास बसावे लागले ते त्यामुळेच. येथे क्षेपक जाणूनबुजून आणि उघड घेतले जातात, आणि प्रत्येक बदल कोणी, केव्हा केला ह्याची वही असते.

ह्या पोथीचा दुसरा गुण म्हणजे तिने आपल्या भाषेची लाज झाकली नाही. आणि लाज वाटावी असे पुष्कळ होते. एका शब्दाला शोधावयाची वस्तू आधी सांगावी लागे आणि मग कोठे शोधावे ते. दुसऱ्याला नेमके उलट. पूर्वी तुम्ही ‘शून्य आणि आंबा हे समान आहेत काय?’ असे विचारलेत तर भाषा खुशाल ‘होय’ म्हणे. कारण आंब्याचा आकडा करावयाचा तर तो शून्यच होतो, अशी तिची समजूत. ती २०२० साली आठव्या आवृत्तीत सुधारली. ह्याहून घातक म्हणजे पाहुण्याने अर्जात जे जे लिहून पाठविले ते ते आपोआप कार्यक्रमाच्या आत नावासकट जाऊन बसण्याची सोय. कोणी पत्त्यात ‘मी मुख्याध्यापक आहे’ असे लिहून पाठवावे आणि गाफील कार्यक्रमाने त्याला कपाटाच्या किल्ल्या द्याव्या! ही सोय २००२ मध्ये मुळात बंद ठेवण्यात आली आणि २०१२ मध्ये समूळ काढली गेली. मधल्या काळात पोथीत तिच्यावर एक अख्खे पान होते, सोदाहरण, ‘असे केलेत तर असे फसाल’ म्हणून.

तरीही दोष पोथीबाहेर पसरलाच. माहिती साठविणाऱ्या दप्तराला प्रश्न विचारताना पाहुण्याने लिहिलेला मजकूर जसाच्या तसा प्रश्नात चिकटविण्याची खोड एका अख्ख्या पिढीला लागली. वाण्याकडे पाठवावयाच्या चिठ्ठीत शेजाऱ्याने ‘एक शेर साखर’ असे लिहावयाचे, त्याने ‘एक शेर साखर, आणि गल्ला मोकळा करून द्यावा’ असे लिहिले, आणि आपण ती न वाचता पुढे पाठविली, अशातला हा प्रकार. सोपे म्हणून लिहिलेल्या अनेक स्वस्त शिकवणीच्या मजकुरांनी हेच शिकविले. अखेर त्या जुन्या शब्दांच्या प्रत्येक पानावर ठळक चौकटीत ‘हे वापरू नका, त्याऐवजी हे वापरा’ असा इशारा आला आणि २०१५ च्या सातव्या आवृत्तीतून ते शब्दच गेले. शिकविणारा चुकला की चूक वर्गाएवढी होते. हे लिहिताना माझी स्वतःची काही वर्षे डोळ्यांपुढे येतात. ती सांगत बसत नाही.

जाणत्या लोकांनी ह्या भाषेची जितकी टवाळी केली तितकी क्वचितच कोणाची झाली असेल. आणि तरीही ती पसरली. जर्मन विद्यार्थी मॅग्नस मान्स्के ह्याने विकिपीडियासाठी ह्याच भाषेत नवी यंत्रणा लिहिली, ती जानेवारी २००२ मध्ये चालू झाली. पुढच्या वर्षी १ मे रोजी, महाराष्ट्रदिनीच, मराठी विकिपीडिया सुरू झाला तो त्याच कुळातल्या यंत्रणेवर. २००३ मधील वर्डप्रेस, ज्यावर आज आपल्याकडच्या कित्येक मासिकांची, संस्थांची, शाळांची पाने चालतात, तेही पीएचपीत. २००४ साली फेसबुकाचा पाया हिच्यातच घातला गेला. ज्यांची आतली भाषा कळू शकते अशा संकेतस्थळांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक आज पीएचपीवर आहेत. ह्याचे श्रेय एकट्या पोथीला देणे बरोबर नाही. भाषा फुकट होती, तिच्यासोबतचे दप्तरही फुकट, आणि थोड्या पैशांत जागा भाड्याने देणाऱ्या प्रत्येकाकडे ती आधीच बसवलेली असे. परंतु स्वस्त भाड्याच्या खोलीत शिरलेल्या नवख्याला पाणी कोठे, दिवा कोठे हे रात्री दोन वाजता कोणी सांगितले? माझ्या मते समासातील टिपणांनी.

आता गोधडीचा प्रश्न. तो ह्या इतिहासात एका मोठ्या फसलेल्या मोहिमेपर्यंत जातो.

यंत्र अक्षर ओळखत नाही. ते बाइट नावाची मापे मोजते. रोमन अक्षराला एक माप पुरते. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, आज सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत, तीन लागतात. ‘दिवाळी’ हा शब्द घ्या. द, त्याची वेलांटी, व, काना, ळ, वेलांटी, अशी सहा चिन्हे. म्हणजे अठरा मापे. पीएचपीतील लांबी मोजणारा मूळ शब्द ‘स्ट्रलेन’ ह्याला विचारले तर तो अठरा सांगतो. आमच्या संकेतस्थळावर नाव तोडताना हीच मापे मोजली जात होती. कात्री एखाद्या चिन्हाच्या तीन मापांच्या मध्येच पडे आणि उरलेल्या तुकड्याचा काळा चौकोन होई. अनेक मापांची अक्षरे जाणणारी निराळी शब्दांची जोडवस्ती आहे, ‘एमबी’ने सुरू होणारी, ती सहा सांगते. आणि आपण ज्याला अक्षर म्हणतो, दि-वा-ळी, ती तीन मोजणारा तिसराच एक शब्द आहे.

असे तीन दारांचे घर का झाले? २००५ मध्ये असे ठरले होते की सहाव्या आवृत्तीत भाषेच्या गाभ्यातच जगातील सर्व लिप्या आणावयाच्या. आंद्रेई झ्मिएव्हस्की ह्याच्या पुढाकाराने काम सुरू झाले. परंतु आतून प्रत्येक अक्षरासाठी जी पद्धत निवडली तिच्यामुळे सगळे जड होऊ लागले, आत-बाहेर करताना सतत भाषांतर करावे लागे, आणि हजारो शब्द एकेक करून नव्या पद्धतीला जुळविण्याचे काम थोड्या माणसांच्या खांद्यावर पडले. उत्साह ओसरला. मार्च २०१० मध्ये मोहीम सोडून देण्यात आली. गंमत अशी की ‘पीएचपी ६’ शिकविणारी पुस्तके तोवर छापून दुकानांत आलीही होती! न जन्मलेल्या मुलाची चरित्रे. त्यामुळे २०१४ मध्ये पुढच्या आवृत्तीला कोणता आकडा द्यावा ह्यावर मतदान झाले, तेव्हा सहा सोडून सात घेण्यात आला. जगाच्या दृष्टीने हा एक विनोदी प्रसंग आहे. आपल्यासारख्या तीन मापे लागणाऱ्या लिपीच्या लोकांना मात्र त्याचे देणे अजून चुकवावे लागते, आणि कोणते दार उघडावे हे पोथी वाचल्यावाचून कळत नाही. ‘स्ट्रलेन’च्या पानावर ते स्वच्छ लिहिलेले आहे, की हा शब्द अक्षरे मोजत नाही, बाइट मोजतो. ती एक ओळ कोणी तरी, केव्हा तरी, आपला वेळ खर्चून लिहिली.

भाषेचे रीतसर व्याकरण, म्हणजे अमुक लिहिले तर अमुकच झाले पाहिजे असा नियमग्रंथ, हिला २०१४ पर्यंत नव्हताच. त्या वर्षी फेसबुकने रेक्स येश्के ह्याच्याकडून तो लिहवून प्रसिद्ध केला. तोवर पोथी आणि प्रत्यक्ष वागणूक हीच प्रमाण. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे; त्याच्या आधी मराठी माणसे काही मुकी नव्हती. तथापि व्याकरण लिहावयास बसल्यावरच आपण बोलतो त्यातले किती परस्परविरुद्ध आहे ते दिसू लागते, असा अनुभव दोन्हीकडचा असावा.

२०२१ हे वर्ष मात्र काळजीचे गेले. २८ मार्च रोजी कोणी भामट्याने मूळ संहितेच्या कोठारात चोरदार बसविले. तेही लेर्डॉर्फच्या नावाने, आणि ते पकडून काढल्यावर पुन्हा निकिता पोपोव्ह ह्याच्या नावाने. बदलासोबतचा शेरा काय, तर ‘टंकलेखनाची चूक सुधारली’! नेहमीच्या तपासणीत काही तासांतच ते सापडले, आणि मंडळींनी स्वतःचे कोठार सोडून संहिता दुसरीकडे हलविली. त्याच मे महिन्यात ह्या कामातल्याच एकाने उघड लिहिले की भाषेच्या गाभ्यातील काही भाग समजणारी माणसे जगात जेमतेम दोन आहेत: दिमित्री स्टोगोव्ह आणि हा पोपोव्ह. पोपोव्ह २०११ मध्ये, शाळेत शिकत असतानाच ह्या कामाला लागला होता. (हे मी माझ्या दहावीच्या वर्गात मुद्दाम सांगतो, परिणाम अद्याप दिसलेला नाही.) नोव्हेंबरात त्यानेही दुसऱ्या कामास जाण्याचे ठरविले. तेव्हा कोठे जाग आली आणि ज्या कंपन्यांचा व्यवसाय ह्या भाषेवर चालतो त्यांपैकी काहींनी पैसे एकत्र करून पीएचपी फाउंडेशन स्थापन केले, म्हणजे गाभा सांभाळणाऱ्यांना पगार तरी मिळावा. सव्वीस-सत्तावीस वर्षे हा संसार बव्हंशी लोकांच्या फावल्या वेळेवर चालला होता.

पोथी सांभाळणाऱ्यांची गोष्ट त्याहून मुकी. तिची भाषांतरे होतात: फ्रेंच, जर्मन, जपानी, स्पॅनिश, रशियन, तुर्की, ब्राझीलची पोर्तुगीज वगैरे. भाषांतराच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर, वाचकाला न दिसणारी अशी एक ओळ असते: हे पान मूळ इंग्रजीच्या कोणत्या फेरीवरून केले आणि ते कोणाच्या जिम्मेला आहे. मूळ पान बदलले की खूण जुळत नाही आणि भाषांतर शिळे झाल्याचे कळते. कोणा तरी जपानी किंवा फ्रेंच माणसाला मग संध्याकाळी बसून तेवढ्या दोन ओळी ताज्या कराव्या लागतात. वर्षानुवर्षे हे चालले आहे. ह्या पोथीच्या भाषांच्या यादीत मराठी नाही.

हे कळल्यावर मी माझ्या त्या विद्यार्थ्याला फोन केला. “सर, पानं हजारो आहेत हो,” तो म्हणाला. मी म्हटले, “अरे, मी कुठं हजार म्हणतोय? गोधडीचं एक पान तर करू.” त्याने हसून होकार दिला. तो शब्दांचा अर्थ सांगणार, मी मराठी लिहिणार. लांबी मोजणे, तुकडा तोडणे, शोधणे आणि बदलणे, अशी चार पाने आजवर शंभर पानी वहीत उतरली आहेत. पाचवे अडले आहे ते एका शब्दापाशी. अक्षरांच्या ओळीला त्या विद्येत ‘स्ट्रिंग’ म्हणतात. तसेच ठेवावे असे त्याचे मत. मला ते पटत नाही. वर्गात विचारले. कोणी ‘दोरी’ म्हणाले, कोणी ‘अक्षरसमूह’. गोधडीवाली आता आठवीत आहे. ती म्हणाली, “सर, माळ म्हणा की. ओढली तर तुटते, आणि मणी मोजता येतात.” वहीत सध्या पेन्सिलीने ‘माळ’ लिहून ठेवले आहे.